दांडिया बाजारातील वाड्याचे पाच फोटो : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या वाड्याच्या जिन्यावर ‘काही तरी आहे’ असे घरात गेली पंचेचाळीस वर्षे बोलले जाते आणि त्यामुळे माडीवरच्या दोन्ही खोल्या बंद आहेत. यंदा नवरात्रात काढलेल्या फोटोंत जिन्यावर पांढरे गोळे दिसल्यापासून माझी नऊ वर्षांची पुतणी संध्याकाळनंतर चौक ओलांडत नाही, म्हणून हे काम मी हाती घेतले. ज्यांच्या घरात असे फोटो आहेत त्यांना उपयोग व्हावा, यासाठी चुका आणि खर्च धरून सर्व नोंदी येथे ठेवीत आहे.

फोटो पाच आहेत. पहिल्यात जिन्यावर पांढरे गोळे आहेत. दुसऱ्यात ओसरीच्या खांबासमोर पांढरा, पिळदार पट्टा आहे. तिसऱ्यात आरतीच्या वेळी उभा असलेला एक पारदर्शक माणूस आहे, चौथ्यात माडीच्या भिंतीवर चेहरा आहे आणि पाचवा, सर्वांत जुना, १९७९ च्या उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीचा, कृष्णधवल फोटो आहे. त्यात पतंग घेऊन उभ्या असलेल्या मुलांच्या मागे, जिन्याच्या तोंडाशी आजी दिसते. आजी त्याच्या आदल्या महिन्यात, म्हणजे डिसेंबर १९७८ मध्ये वारली होती.

कामाचा नियम एकच ठरवला आहे. त्याच जागी, शक्यतो त्याच कॅमेऱ्याने तसाच फोटो पुन्हा काढता आला, तरच उलगडा झाला असे मानायचे. केवळ ‘असे असू शकेल’ एवढ्यावर कोणताही फोटो निकालात काढायचा नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

गोळ्यांपासून सुरुवात केली आणि पहिला दिवस पूर्ण वाया गेला. संध्याकाळी सात ते रात्री साडेदहापर्यंत माझ्या फोनने जिन्याचे ऐंशीच्या वर फोटो काढले; एकातही गोळा आला नाही. दोन चुका होत्या. नवरात्रातले फोटो फोनने नव्हे, तर चुलतभावाच्या जुन्या, खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याने काढलेले होते, हे मी विचारून घेतलेच नव्हते. शिवाय दिवाळीच्या साफसफाईत जिना धुऊन निघाला होता.

रात्री अकराला भावाकडून तो कॅमेरा आणला. सेल संपलेले होते. दुसऱ्या दिवशी १६० रुपयांचे नवे सेल घेतले.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आज गोळे मिळाले. कॅमेरा तिवईवर ठेवून, दिवे घालवून, फ्लॅशसह दहा फोटो काढले तेव्हा दोनच अंधूक गोळे आले. मग माडीवरची जुनी सतरंजी जिन्याच्या कठड्यावर झटकली आणि लगेच दहा फोटो काढले. प्रत्येक फोटोत गोळेच गोळे होते, काही नवरात्रातल्या फोटोंपेक्षा मोठे. वीस मिनिटांनी धूळ खाली बसल्यावर संख्या पुन्हा चार-पाचावर आली.

या कॅमेऱ्यात फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी, जेमतेम तीन सेंटिमीटरवर आहे. त्यामुळे भिंगासमोर वीतभर अंतराच्या आत तरंगणारा धुळीचा कण फ्लॅशच्या झोतात येतो आणि उजेड सरळ भिंगात परत पाठवतो. इतक्या जवळच्या कणावर भिंग स्थिरावू शकत नाही, म्हणून तो कण म्हणून न उमटता फुगलेली चकती म्हणून उमटतो. जिन्यावर दिसणारा गोळा जिन्यावर नसतोच. तो भिंगासमोर असतो. हे दाखवण्यासाठी काळ्या जाड कागदाचा तुकडा फ्लॅश आणि भिंग यांच्यामध्ये पडद्यासारखा धरला, जेणेकरून भिंगाजवळच्या हवेवर झोत पडणार नाही पण जिना उजळेल. सतरंजी पुन्हा झटकली. बारा फोटोंत मिळून एक गोळा आला, तोही कडेला.

फोनने गोळे का आले नाहीत, तेही त्यामुळे कळले. फोनचा दिवा कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या मानाने फारच मंद असतो आणि एवढ्या उजेडात बारीक कण उमटत नाहीत. नवरात्रात चौकात गरबा सुरू होता, चाळीस-पन्नास माणसे अनवाणी फेर धरत होती आणि वर्षभराची धूळ हवेत होती. त्या रात्री गोळे आले नसते तरच नवल होते.

पुतणीला शेजारी बसवून सतरंजी तिच्याच हाती दिली. तिने स्वतः झटकली, स्वतः बटण दाबले आणि गोळे मोजून वहीत लिहिले. मोठ्यांनी समजावून सांगण्यापेक्षा हा मार्ग मला फार बरा वाटला.

२० नोव्हेंबर, बुधवार

दुसरा फोटो अर्ध्या तासात सुटला, पण त्यावर घरात चर्चा झाली ती नोंदवायला हवी. पांढरा पिळदार पट्टा हा त्याच कॅमेऱ्याचा मनगटात अडकवायचा गोफ आहे, असे मी म्हटल्यावर वहिनीने रास्त शंका घेतली : गोफ काळा आहे, मग फोटोत पांढरा कसा? मी उत्तर न देता गोफ भिंगासमोर लोंबता सोडून फोटो काढला. पट्टा आला, पांढराच आला आणि गोफाची वीणही शिडीच्या पायऱ्यांसारखी तशीच दिसली.

कारण अंतरात आहे. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. खांब अडीच मीटरवर आणि गोफ पाच सेंटिमीटरवर असेल, तर गोफ पन्नासपट जवळ असल्यामुळे त्याच्यावर पडणारा उजेड सुमारे २५०० पट असतो. एवढ्या उजेडात काळा धागाही पांढराफेक दिसतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

तिसरा फोटो फोनच्या रात्रीच्या मोडवर काढलेला होता. या मोडमध्ये फोन दोन-तीन सेकंद उजेड गोळा करतो आणि एकामागून एक घेतलेली अनेक चित्रे एकत्र जुळवतो. त्या अवधीत जो उभा राहून निघून गेला तो अर्धाच उमटतो आणि त्याच्यातून मागचा खांब दिसतो. मी स्वतः दीड सेकंद उभा राहून बाजूला झालो. चौदा प्रयत्नांपैकी पाचांत पारदर्शक झालो, उरलेल्यांत फोनने मला एक तर पूर्ण ठेवले किंवा पूर्ण पुसून टाकले. हे अगदी जुने आहे : छायाचित्रणाचा एक आद्य फ्रेंच संशोधक दागेर याने १८३८ च्या सुमारास पॅरिसच्या एका हमरस्त्याचे छायाचित्र घेतले, तेव्हा उजेड कित्येक मिनिटे गोळा करावा लागल्यामुळे सारी रहदारी नाहीशी झाली आणि बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस तेवढा उमटला.

चौथ्या फोटोतील चेहरा म्हणजे पावसाळ्यात गच्चीवरून उतरलेली ओल आहे. ती भिंतीवर अजूनही आहे आणि दोन डोळे आणि तोंड वाटावे असे तीन डाग एकत्र आले की चेहरा दिसणे हा आपल्या नजरेचा स्वभाव आहे. फोटो उलटा धरला की चेहरा जातो. त्यावर अधिक वेळ घालवला नाही. गच्चीची गळती मात्र काढायला हवी.

१ डिसेंबर, रविवार

आता खरे काम. पाचवा फोटो देवघरात काचेच्या चौकटीत असतो आणि आत्या दर अमावास्येला त्याच्यापुढे दिवा लावतात. आत्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. फोटो मागताना मी त्यांना म्हटले, “आत्या, मला कुणाला खोटे ठरवायचे नाही, फक्त नीट बघायचे आहे.” त्या म्हणाल्या, “बघ की. पण आईला काही लागेल असं करू नकोस.” त्या वाक्यामुळे मी या फोटोबाबत दुप्पट जपून राहिलो आहे.

फोटोत दिसते ते असे. पुढे चार मुले, हातात पतंग आणि फिरकी. त्यांच्या डावीकडे मागे जिन्याचे काळोखे तोंड आणि त्यात आजी, नऊवारी लुगड्यात, किंचित वाकलेली. डोके, खांदे, पदर चांगले दिसतात. चोळीच्या जागी मागची अंधारी चौकट दिसते आणि गुडघ्यांखाली काहीच नाही. जिन्याच्या पहिल्या दोन पायऱ्यांवर पांढरे ठिपके आहेत, त्यांना घरात ‘धूर’ म्हणतात. आजीला पाय नाहीत आणि तिच्यापासून धूर माडीकडे चढतो, म्हणून माडी बंद.

पहिला अंदाज असा केला की कुणी तरी बाई फोटो काढताना हलली असावी. तो लगेच टाकून द्यावा लागला. फोटो आगफा क्लिक थ्रीने काढलेला आहे. हा साधा कॅमेरा न्यू इंडिया इंडस्ट्रीजने आमच्याच बडोद्यात बनवलेला होता आणि त्याचे शटर ठरलेल्या एकाच, बऱ्यापैकी जलद वेगाने उघडते. एवढ्या वेळात माणूस पारदर्शक होण्याइतका हलू शकत नाही. शिवाय लुगड्याचे काठ स्पष्ट आहेत.

दुसरा अंदाज काचेतल्या प्रतिबिंबाचा. जिन्याशेजारी पूर्वी काचेचे कपाट होते असे धाकट्या काकांनी सांगितले, म्हणून ते कोठीतून चौघांनी उचलून जागेवर आणले आणि दुपारभर वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढले. एकही जमला नाही. शेवटी काकूंनी सांगितले की ते कपाट १९८३ मध्ये घेतले होते. वर्ष आधी विचारले असते तर रविवार वाचला असता आणि कपाटाची एक काच तडकली नसती.

५ डिसेंबर, गुरुवार

काल आणि आज रात्री ट्रंका तपासल्या. निगेटिव्हशिवाय पुढे जाता येत नव्हते, कारण प्रिंट करताना दोन निगेटिव्ह एकावर एक ठेवूनही असा फोटो तयार करता येतो आणि ती शक्यता प्रिंट पाहून खोडता येत नाही. तिसऱ्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली स्टुडिओचे पाकीट सापडले. त्यात बारा निगेटिव्ह आहेत, प्रत्येक सहा बाय सहा सेंटिमीटरचा, म्हणजे ‘१२०’ या मापाच्या फिल्मचे एक पूर्ण रीळ.

पाकिटावर थोरल्या काकांच्या अक्षरात यादी आहे. काकांना जाऊन अकरा वर्षे झाली. कसर लागल्यामुळे यादीतील दोन ओळी वाचता येत नाहीत, पण ओळी मोजता येतात आणि त्या तेरा आहेत. निगेटिव्ह बारा आणि ओळी तेरा. सहावी ओळ ‘आई, गौरी’ अशी आहे आणि सातवी ‘पतंग, मुले’. आईचा, म्हणजे माझ्या आजीचा, वेगळा फोटो बारा निगेटिव्हांत कुठेही नाही.

हे वाचून मी रात्री दोनपर्यंत जागा होतो.

८ डिसेंबर, रविवार

निगेटिव्ह दिव्याच्या पाटीवर ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने जवळून टिपला आणि मोठ्या पडद्यावर पाहिला. दोन्ही दृश्ये एकाच फिल्मवर आहेत; प्रिंटच्या वेळची जोडाजोडी नाही. शिवाय देवघरातला फोटो मोठा करताना डावीकडून कापलेला आहे. पूर्ण चौकोनात डाव्या कडेला तुळशीवृंदावन आहे आणि ते एकावर एक असे दोनदा आहे, एकमेकांपासून किंचित सरकलेले. खांबांच्या कडाही दुहेरी आहेत. प्रिंटमध्ये त्यांना आम्ही ‘हात हलला’ असे समजत होतो.

म्हणजे थोरल्या काकांनी एका चौकटीवर दोन फोटो काढले. साध्या कॅमेऱ्यांत शटर दाबणे आणि फिल्म पुढे सरकवणे या दोन स्वतंत्र क्रिया असतात. मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत कळ हाताने फिरवावी लागते आणि ती फिरवायची राहिली तर कॅमेरा अडवत नाही. काकांनी भाद्रपदात आजीचा फोटो काढला, फिल्म सरकवली नाही आणि कॅमेरा कपाटात गेला. दिवाळीत आजी अंथरुणाला खिळली होती, तेव्हा कुणी फोटो काढले नाहीत. मार्गशीर्षात ती गेली. जानेवारीत मुलांच्या हट्टाने कॅमेरा बाहेर आला आणि त्याच चौकटीवर पतंग उमटले.

न दिसणाऱ्या पायांचा खुलासाही यातच आहे. दोनदा उजेड पडलेल्या फिल्मवर उजेडाची बेरीज होते. आजीचे फिकट लुगडे जिन्याच्या अंधारावर उठून दिसते, तिची काळी चोळी फिल्मवर जवळजवळ काहीच उमटवत नाही आणि तिच्या पायांच्या जागी जानेवारीच्या उन्हाने उजळलेली फरशी आली, तिने पाय बुजवून टाकले.

धूर मात्र मला उलगडत नव्हता. मी आत्यांना पडद्यासमोर बसवले आणि पायऱ्या मोठ्या करून दाखवल्या. त्या बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, “अरे, ही तर गौरीची पावलं. मीच काढली होती.”

आम्हा धाकट्यांना हे ठाऊकच नव्हते : आजी होती तोवर गौरी माडीवर बसत असत. रांगोळीची पावले दिंडी दरवाजापासून चौकातून जिन्याने वर जात. आजी गेल्यानंतर गौरी माजघरात आल्या आणि पुढच्या वर्षी हा फोटो चौकटीत लागला. माडीकडे चढणारा धूर म्हणजे माडीकडे चढणाऱ्या गौरी होत्या. चौकातली पावले उन्हाने पुसली, जिन्याच्या सावलीतली टिकली. आत्यांनी पंचेचाळीस वर्षांत तो फोटो काचेतून, काजळी धरलेल्या काचेतून पाहिला होता आणि कापलेला पाहिला होता.

१५ डिसेंबर, रविवार

नियमाप्रमाणे फोटो पुन्हा काढून दाखवायचा होता. काकांचा क्लिक थ्री आहे आणि त्याचे शटर चालते. ४०० वेगाची, म्हणजे उजेडाला बरीच संवेदनशील, कृष्णधवल १२० फिल्म ९०० रुपयांना एक, अशी तीन रिळे मागवली. रसायने ११५० रुपयांची, फिल्म धुण्याची टाकी ओळखीच्या एकाकडून मागून आणली.

पहिले रीळ पूर्ण फुकट गेले. लाल खिडकीतून उन्हाचा उजेड आत गेला आणि जवळजवळ प्रत्येक चौकटीवर ढगाळ डाग पडला. लाल खिडकी ही लाल रंगाला न जुमानणाऱ्या जुन्या फिल्मसाठी होती. आजची फिल्म लाल उजेडही टिपते. यावर उपाय सोपा आहे : खिडकीवर काळी चिकटपट्टी लावावी आणि फिल्म फिरवतानाच, सावलीत, तेवढ्यापुरती उचलावी. हे आधी करा. मला ९०० रुपये आणि एक दिवस खर्चून कळले.

दुसऱ्या रिळात उजेड आत आला नाही, पण भूतही आले नाही. वहिनीला मी चुन्याच्या भिंतीसमोर उभे केले होते आणि उजळ भिंतीवर तिचा मागमूसही राहिला नाही. आदल्या आठवड्यात स्वतःच लिहिलेला बेरजेचा हिशेब जागा निवडताना मी विसरलो.

२२ डिसेंबर, रविवार

तिसऱ्या रिळासाठी जिन्याच्या तोंडाशी कोण उभे राहणार हा प्रश्न होता. आजीचे लुगडे नेसवून कुणाला उभे करणे मला योग्य वाटत नव्हते. आत्या स्वतःहून म्हणाल्या, “मी राहते उभी.” सकाळी त्यांनी दोन्ही पायऱ्यांवर रांगोळीची पावले काढली आणि फिकट लुगडे नेसून उभ्या राहिल्या. मी शटर दाबले, फिल्म सरकवली नाही. दुपारी पायऱ्या पुसल्या आणि ऊन चौकात आले तेव्हा त्याच चौकटीवर पुतणी आणि तिच्या मैत्रिणींचा पतंगांसह फोटो काढला. असे सहा वेळा केले.

फिल्म धुण्याच्या पाण्याचे तापमान चोवीस अंशांवर होते, बर्फ घालून वीसवर आणले. सहांपैकी चार चौकटी जमल्या. एकीत आत्या अगदी आजीसारख्याच आहेत : कमरेपर्यंत स्पष्ट, चोळीच्या जागी अंधार, पाय नाहीत आणि त्यांच्या मागे दोन पायऱ्यांवर पांढरी पावले.

पुतणीने ओली फिल्म उजेडात धरून विचारले, “आत्याआजी तर इथेच आहेत, मग फोटोत भूत कसं?” हा प्रश्न जुनाच आहे : अमेरिकेत विल्यम ममलर हा छायाचित्रकार मृतांच्या आत्म्यांचे म्हणून जे फोटो विकत असे, त्यांतल्या काही ‘आत्म्यांत’ लोकांनी बोस्टनमधील हयात माणसे ओळखली होती, १८६९ मध्ये न्यूयॉर्कात त्याच्यावर फसवणुकीचा खटला चालला आणि पुराव्याअभावी तो सुटला. त्याच्यावर आरोप फसवणुकीचा होता, आमच्या घरी कुणी कुणाला फसवले नव्हते. हा फरक मी आत्यांना मुद्दाम सांगितला, कारण आपल्या भावावर ठपका येतो की काय, ही चिंता त्यांना पहिल्या दिवसापासून होती.

२९ डिसेंबर, रविवार

खर्च : फिल्म २७००, रसायने ११५०, सेल १६०, काळा कागद आणि चिकटपट्टी ६०, प्रिंट ६५०, एकूण ४७२० रुपये. कपाटाची काच अजून बसवलेली नाही. वेळ सात रविवार आणि चार संध्याकाळी, त्यांपैकी निदान तीन दिवस केवळ आधी न विचारल्यामुळे गेले. हे काम करणाऱ्याने फोटोला हात लावण्याआधी कॅमेरा कोणता, निगेटिव्ह कुठे आणि त्या वर्षी घरात काय काय होते, हे तीन प्रश्न घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारावेत.

जुना निगेटिव्ह आम्लविरहित कागदात वेगळा ठेवला. त्याचा पूर्ण चौकोनी प्रिंट, वृंदावनासह, न कापता करून घेतला आणि आजीचा तो बहुधा शेवटचा फोटो असल्यामुळे मागे ‘भाद्रपद, १९७८ – गौरी’ असे आत्यांच्या हातून लिहून घेतले. चौकट देवघरातच राहील, दिवाही राहील; त्याबद्दल मी काही बोललो नाही. माडीचे कुलूप काल उघडले. बिजागऱ्यांना तेल घातले आहे, जिन्यावर दिव्याची तार ओढायची बाकी आहे. भाद्रपदात गौरी पुन्हा माडीवर बसवायच्या, असे आत्यांनी ठरवले आहे आणि पावले काढायला पुतणीला आतापासून शिकवीत आहेत, कारण दुसऱ्या पायरीवरचे डावे पाऊल त्या वर्षी वाकडे आले होते आणि आई त्यांना त्यावरून बोलली होती. निगेटिव्हवर ते अजून वाकडेच आहे.